शिंगाळ्याचा काटा आणि दवाखान्यातली सुई

“कोळ्याच्या पोराला कधी कुणी पोहण्याचा क्लास लावलाय का?” करंजाकडे दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टर स्नेह्यांनी मला हे विचारलं आणि चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या लेखी वाद तिथेच मिटला होता. बोलणं चाललं होतं त्यांच्याकडच्या मावशींबद्दल, आणि दिवसभर ‘सिस्टर’ अशी हाक ऐकणाऱ्या, पण नर्सिंगच्या शाळेची पायरीही न चढलेल्या एका मुलीबद्दल. या दोघींना कामातल्या धोक्यांचं रीतसर शिक्षण मिळायला हवं, असं माझं म्हणणं होतं. डॉक्टरांचा प्रश्न बिनतोड वाटावा असाच होता, कारण तो करंजात विचारलेला होता. द्रोणागिरीच्या पायथ्याचं गाव, समोर धरमतरची खाडी, पलीकडे रेवस, धक्क्याला लागलेल्या होड्या. इथला तांडेल कुठल्या वर्गात घडलेला नाही, हे नाकारणार कोण?

जुन्या शास्त्रार्थात रीत होती, की प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नेटकं मांडावं आणि मगच खोडायला घ्यावं. ती पाळतो. हे मत काही त्या एका डॉक्टरांचं नाही. उरणपासून पनवेलपर्यंत छोट्या दवाखान्यांत, आणि दातांच्या दवाखान्यांत तर हमखास, हेच कानावर येतं. काम अंगवळणी पडतं ते पाहून आणि करून. मावशी वीस वर्षं सुया उचलतात, त्यांना काही झालेलं नाही. दोन खोल्यांचा दवाखाना म्हणजे काही केमिकलचा कारखाना नव्हे. आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली जे येतं ते सर्टिफिकेट विकायला येतं, त्यानं फाइल जाड होते, माणूस शहाणा होत नाही. या म्हणण्यात अनुभवाचं वजन आहे. शेवटच्या भागात तर बरंच तथ्यही आहे, त्याकडे पुढे येतो.

पण तांडेलाचा दाखला जरा उलगडून पाहिला की तो डॉक्टरांच्याच अंगावर येतो. समुद्र चांगला मास्तर आहे याचं कारण तो चुकीला तिथल्या तिथे छडी मारतो. भरती-ओहोटीचा अंदाज चुकला तर होडी त्याच दिवशी गाळात रुतते. जाळ्यात शिंगाळा आला आणि तो बेसावधपणे धरला, तर त्याचा काटा असा घुसतो की हात खांद्यापर्यंत ठणकतो. पाकटाच्या नांगीचं तर विचारूच नका. म्हणून शिंगाळ्याचा काटा आधी मोडायचा, मग मासा टोपलीत टाकायचा, हे खलाशी एकदाच शिकतो आणि जन्मभर विसरत नाही. इथे अनुभव गुरू होतो, कारण चूक आणि वेदना यांच्यात क्षणाचंही अंतर नसतं.

आता वापरलेली सुई घ्या. टोपण लावताना ती बोटाला लागली तर काय होतं? मुंगी चावल्याइतकं दुखतं, रक्ताचा ठिपका येतो, मावशी पदराला बोट पुसतात आणि पुढचं काम हातात घेतात. त्या रुग्णाच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू असेल, तर लस न घेतलेल्या माणसाला लागण होण्याची शक्यता सुमारे ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती ०.३ टक्के, म्हणजे साधारण तीनशे टोचण्यांत एक. पण हिपॅटायटिस बीची लक्षणं दिसायला ६० ते १५० दिवस लागतात, आणि निम्म्याहून अधिक प्रौढांना ती दिसतच नाहीत. श्रावणात टोचलेल्या सुईची कावीळ दिवाळीनंतर आली, तर दोन्हींची गाठ कोण घालणार? “उघड्यावरचं काहीतरी खाल्लं असेल,” असं म्हणून मावशी झाडपाल्याचं औषध घेतील.

बहुतेक रुग्णांच्या रक्तात काहीच नसतं, त्यामुळे दहा वेळा टोचून दहाही वेळा काही होत नाही. म्हणजे अनुभव इथे शिकवतो जरूर, पण उलटं शिकवतो. प्रत्येक टोचणीनंतर हात अधिक निर्धास्त होतो. ‘वीस वर्षांत काही झालं नाही’ या वाक्याचा प्रामाणिक अर्थ एवढाच, की वीस वर्षांत कुणी मावशींचं रक्त तपासलेलं नाही.

साध्या अकलेचा हवाला देणाऱ्यांसाठी एक छोटी परीक्षा सुचवतो. सुई टोचल्यावर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे आपल्या माणसांना विचारून पाहावं. कुणी बोट दाबून रक्त काढेल, कुणी ते चटकन तोंडात घालेल, कुणी स्पिरिट चोळेल. ही तिन्ही उत्तरं साध्या अकलेची आहेत आणि तिन्ही चूक आहेत. दाबायचं नाही, चोखायचं नाही, चोळायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच सांगायचं. सांगण्याची घाई यासाठी, की एचआयव्हीपासून संरक्षण देणाऱ्या गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात, पुढे २८ दिवस घ्याव्या लागतात. त्यासाठी करंजाच्या माणसाला सरकारी रुग्णालय गाठायचं, प्रसंगी पनवेलकडे निघायचं, तेही कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत. घड्याळातले दोन तास इथे लवकर संपतात. “डॉक्टर ओरडतील” म्हणून संध्याकाळपर्यंत गप्प बसलेल्या मुलीचे ते तास आधीच गेलेले असतात.

चूक मुकी असणं हे एकट्या सुईचं लक्षण नाही. दातांचा दवाखाना तर मुक्या चुकांचं कोठारच म्हणायला हवं. ऑटोक्लेव्ह दिसायला घरच्या कुकरसारखा, म्हणून तो चालवायला काय शिकायचं असं वाटतं. पण कुकरची शिट्टी नीट झाली नाही तर भात कच्चा राहतो आणि जेवणारा तोंड वाकडं करतो. १२१ अंशांवर पंधरा मिनिटं मिळायला हवी होती तिथे आठच मिळाली, किंवा पिशव्या इतक्या ठासून भरल्या की वाफ आत गेलीच नाही, तर बाहेर येणारी हत्यारं तितकीच गरम आणि तितकीच चकचकीत दिसतात. हा फरक डोळ्यांना कळत नाही. तो कळतो रंग बदलणाऱ्या पट्टीला आणि जिवाणूंच्या बीजाणूंवर घेतलेल्या चाचणीला, आणि ती पट्टी कशी वाचायची हे कुणीतरी शिकवावंच लागतं. एक्स-रेचंही तेच. मूल हलतं म्हणून त्याच्या तोंडातली फिल्म स्वतःच्या बोटानं धरून उभी राहणारी सहायक मुलगी किती जणांनी पाहिली असेल! किरण टोचत नाहीत, भाजत नाहीत, त्यामुळे तिला कधी ‘चुकलं’ असं वाटतच नाही. कर्मचाऱ्यानं फिल्म धरायची नाही, हा नियम ठरला आहे तो त्याच कारणानं.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो मोठ्या रुग्णालयाचा धडा छोट्या दवाखान्यात जसाच्या तसा आणणाऱ्यांनाही चकवतो. सगळीकडे शिकवतात की वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावू नका. नियम चांगला आहे. पण दात काढताना किंवा रूट कॅनाल करताना भुलीचं औषध पुन्हा द्यावं लागतं. मधल्या वेळात ती लांब सुई उघडी ठेवली तर ट्रेमध्ये हात घालणाऱ्याला लागणार. म्हणून इथे शिकवायला हवं ते एका हाताचं तंत्र: टोपण ट्रेमध्येच ठेवायचं आणि सुईनं ते अलगद उचलून घ्यायचं, दुसरा हात जवळ आणायचाच नाही. दिसायला पोरखेळ वाटतो. दहा वेळा करून पाहा, सवयीचा दुसरा हात आपोआप पुढे येतो. तसंच रुग्ण खुर्चीवरून उठल्यावरचं. डॉक्टर हात धुऊन पुढच्या रुग्णाशी बोलू लागतात, आणि त्याच वेळी बेसिनपाशी बारीक, अणकुचीदार हत्यारं घासणं सुरू होतं, तेही तपासणीच्या पातळ हातमोज्यांत. दवाखान्यातला सगळ्यांत जोखमीचा क्षण तिथे सगळ्यांत कमी शिकलेल्या हातात असतो. पाहून शिकायचं म्हटलं, तर त्या मुलीनं पाहायचं कुणाकडे? डॉक्टर हत्यारं घासत नाहीत.

‘छोट्या जागेला कसला धोका’ या समजुतीला मात्र एक इतिहास आहे आणि तो तपासण्यासारखा आहे. १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम पहिल्यांदा आले, तेव्हा महिन्याला हजारापेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यांना परवानगी घेण्यातून सूट होती. त्याच्याही आधी, साठच्या दशकाच्या अखेरीस, सर्वोच्च न्यायालयानं डॉ. देवेंद्र सुर्ती यांच्या खटल्यात म्हटलं होतं, की डॉक्टरचा खासगी दवाखाना ही त्याच्या वैयक्तिक कौशल्यावर चालणारी गोष्ट असल्यामुळे मुंबईच्या दुकानं-आस्थापना कायद्यातली ‘व्यापारी आस्थापना’ ठरत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्यानं आस्थापनेच्या व्याख्येत दवाखाने घेतले, पण त्याच्या तरतुदी लावल्या दहा किंवा अधिक माणसं असलेल्या जागांना. दोन मावशी आणि एक कंपाउंडर तेव्हाही बाहेरच. डॉक्टर मंडळींना ‘आपल्याला हे लागू नाही’ असं मनापासून वाटतं ते या वारशामुळे, आणि त्यासाठी त्यांना लबाड म्हणणं अन्यायाचं होईल.

पण वारसा जुना झाला. २०१६ च्या नियमांनी ती हजार रुग्णांची फट बुजवली. दवाखाना केवढा, ॲलोपॅथीचा की आयुर्वेदाचा की होमिओपॅथीचा, याचा विचार न करता जबाबदारी चालवणाऱ्यावर टाकली: कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी. लसीची गोष्ट तर अगदी निकडीची. देशभराच्या बाललसीकरणात हिपॅटायटिस बी आली ती २०११ च्या सुमारास. आज तिशी-चाळिशीत असलेल्या मावशींना लहानपणी ती मिळालेली असणं कठीण. मालकानं टोचली नसेल, तर बहुधा कुणीच टोचलेली नाही.

गंमत म्हणा किंवा विसंगती, याच नियमांत ‘मोठ्या अपघाता’ची व्याख्या करताना सुई टोचणं मुद्दाम वगळलं आहे. मोठ्या जनसमुदायाला बाधा होऊ शकेल तो मोठा अपघात: कचऱ्याची गाडी उलटणं, कचरा पाण्यात मिसळणं. हिशेबाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण ज्याचं बोट, त्याच्या घरी हिशेब वेगळा असतो.

आणि ते घर करंजात कसं असतं, हेही पाहायला हवं. एकाच घरातला भाऊ बंदरावर किंवा प्लँटवर कंत्राटी कामाला जातो. गेटपास हातात पडायच्या आधी त्याला सेफ्टीचा तास बसावा लागतो, हेल्मेट-बूट मिळतात, रोज सकाळी कामाआधी पाच मिनिटं धोक्याचं बोलणं होतं. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागून चार माणसं गेली. त्यानंतर या पट्ट्यात ‘हे सेफ्टीचे तास कशाला’ असं म्हणणारा भेटणं अवघड. बहीण मात्र सोमवारी दवाखान्यात कामाला लागते, तिच्या हातात झाडू दिला जातो आणि दुपारपर्यंत ती सलाइनच्या सुया काढत असते. आग दिसते म्हणून तिच्याशी लढायला शिकवायचं, विषाणू दिसत नाही म्हणून शिकवायचं नाही, हा न्याय मला तरी उलटा वाटतो.

अर्धवट शिकलेला हात काय करू शकतो याचा एक दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. प्लेगच्या काळात वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली, तीच आजची हाफकिन संस्था. तिथून गेलेली लस ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना टोचली गेली. त्यातले एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं मरण पावले. ठपका हाफकिन यांच्या निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. त्यांच्या बाजूनं रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ उभे राहिले, आणि १९०७ मध्ये निर्दोषत्व मान्य होईपर्यंत एका बुद्धिमान माणसाची उमेद संपली होती. तपासात पुढे आलेली गोष्ट एवढीशीच: बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, त्यानं तो कार्बोलिकच्या द्रावणात बुचकळला आणि पुन्हा वापरला.

या साहाय्यकाला मूर्ख म्हणावंसं मला वाटत नाही. तो निष्काळजी असता तर चिमटा पुसून मोकळा झाला असता. त्यानं काळजी घेतली, पण धनुर्वाताचे बीजाणू कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवून मरत नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं. पाहून-पाहून शिकलेल्या माणसाला कृती येते, तिचं कारण येत नाही, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं की कारण माहीत असणंच उपयोगी पडतं. चिमटा खाली पडणं हे नेहमीपेक्षा वेगळं होतं. आजच्या दवाखान्यात जमिनीवर पडलेलं हत्यार स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून ट्रेमध्ये परत जातं, तेव्हा मुल्कोवालच घडत असतं. नशिबानं दर वेळी १९ माणसं मरत नाहीत. आणि कर्मचाऱ्याचं अज्ञान कर्मचाऱ्यापाशीच थांबतं या भ्रमात ज्यांना राहायचं असेल, त्यांनी २००९ सालची गुजरातेतल्या मोडासा भागातली हिपॅटायटिस बीची साथ आठवावी. तिचा माग वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरण्यापर्यंत जाऊन पोहोचला होता.

आता एक नाजूक आक्षेप. सेवाधर्मात जिवाचा हिशेब करायचा नसतो, असं काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात आणि सावित्रीबाईंचं उदाहरण देतात. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांच्यापुढे हात जोडूनच सांगायला हवं, की हे उदाहरण इथे लागू होत नाही. लस जेमतेम दोन महिन्यांपूर्वी तयार झाली होती, आणि पिसवांमधून प्लेग पसरतो हेही तेव्हा प्रस्थापित झालं नव्हतं. त्यांनी पत्करलेला धोका टाळण्याचं साधनच हाताशी नव्हतं. साधन असताना, तेही तीन डोस मिळून काही शे रुपयांचं, दुसऱ्याला धोक्यात उभं करायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, हे सावित्रीबाईंच्या नावावर खपवू नये. शिवाय त्या स्वतःहून गेल्या होत्या. मावशी पगारासाठी येतात.

राहिला कागदाचा आक्षेप, आणि इथे मी डॉक्टरांच्या बाजूला बसतो. मी पाहिलेल्या अशा एका प्रशिक्षणात पडद्यावर इंग्रजी पाट्या होत्या, बोलणारा कुठल्याशा जंतुनाशकाचा विक्रेता होता, पहिल्या रांगेत डॉक्टर होते, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं होतं त्या मावशी मागे चहाचे कप भरत होत्या. शेवटी सर्टिफिकेटवर त्यांचीही सही घेतली गेली. याला प्रशिक्षण म्हणायचं असेल तर ते बंदच करावं. आणखीही कबूल करतो: हातमोजे नाहीत, नीडल कटर मोडलेला आहे, डबा भरून वाहतोय, अशा ठिकाणी नुसतं शिकवणं म्हणजे मालकाची जबाबदारी मजुराच्या माथी मारणं. अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांमधल्या हिपॅटायटिस बीच्या लागणी १९८३ मध्ये सुमारे १७,००० होत्या, त्या १९९५ पर्यंत ४०० वर आल्या. ते श्रेय मुख्यतः लसीचं आहे, भाषणांचं नव्हे. १९९१ च्या तिथल्या नियमानं लस फुकट द्यायला लावली आणि शिकवणंही त्याच नियमात घातलं, ही जोडी लक्षात घेण्यासारखी. आणि सगळ्यांच्या आधीची पायरी म्हणजे न टोचलेली सुई. “एक सुई द्या ना डॉक्टर, त्याशिवाय बरं वाटत नाही,” असं म्हणणारा रुग्ण आणि त्याला नाही म्हणायला कचरणारा डॉक्टर, हे दोघं मिळून मावशींच्या वाट्याला किती सुया आणतात, हा हिशेब दवाखान्यातच करून पाहावा.

पण वाईट प्रशिक्षण होतं म्हणून प्रशिक्षणच नको, हे जाळं फाटलं म्हणून मासेमारी सोडण्यासारखं झालं. चांगलं प्रशिक्षण अवघड नसतं. एका दुपारी तासभर दवाखाना बंद. भाषा आपली, आगरी-कोळी वळणाची. हातात खरी सिरिंज, खरं टोपण, खरा पिवळा-लाल-निळा-पांढरा डबा. एकाच्या हातून मुद्दाम चिमटा पाडायचा आणि विचारायचं, आता काय? सुई टोचली तर कुणाला फोन करायचा तो नंबर बेसिनच्या वर, वाचता येईल अशा अक्षरात. आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर एकदा म्हणायचं, की टोचल्याचं सांगितलं म्हणून कुणाचा पगार कापला जाणार नाही. माझ्या मते त्या तासातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य हेच, कारण बाकी सगळं शिकूनही भीती असेल तर मुलगी गप्पच राहते.

डॉक्टर स्नेह्यांना मी हे सगळं सांगितलं नाही. तेव्हा इतकं सुचलंही नव्हतं. एवढंच विचारलं, की तुमचे कोळी पावसाळ्यात काय करतात? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. करंजाच्या धक्क्यावर त्या दिवसांत होड्या ओढून घेतलेल्या असतात, आणि जन्मभर दर्यावर असलेली माणसं खाली बसून जाळ्याचा एकेक डोळा तपासत असतात. त्याच जूनच्या ३० तारखेला प्रत्येक दवाखान्यानं आदल्या वर्षाचा वार्षिक अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचा असतो. त्या नमुन्यात एक ओळ अपघातांची आहे. आणखी एक आहे, अजून कोणतंही प्रशिक्षण न झालेल्या कर्मचाऱ्यांची संख्या. डॉक्टरांनी ड्रॉवर उघडून गेल्या वर्षीची प्रत काढली. दोन्ही ओळींत शून्य होतं. चष्मा काढून त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे बेसिनवर हत्यारं घासल्याचा आवाज येत होता.